बर्फातला बाण

शिकार म्हणजे खून, असं मी प्राणिरक्षणाच्या पत्रकात छापलंय आणि ते मागे घेणार नाही. तरी बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोतल्या शेजारच्या काकांना मान द्यावाच लागतो. दर हिवाळ्यात ते कॅनडात धनुष्यबाणानं हरणं मारायला जातात. बाण बर्फात हरवू नये म्हणून त्याला भडक गुलाबी पिसं लावतात. चुकलेला बाण अडवायला हरणामागे उंचवटा नसेल तर तो सोडतच नाहीत.

यंदा रिकाम्या हातानं परतले. लिफ्टमध्ये मी टोमणा मारला, "काका, नेम चुकला वाटतं?"

"चुकला गं. बाण बर्फाखालून सरकत गेला. उरलेली सुट्टी उकरण्यातच गेली."

"एका बाणासाठी?"

"धारदार पातं असतं त्याला. बर्फ वितळल्यावर कुणाच्या तरी पायात घुसलं असतं."

"मग, सापडला?"

"माझ्याच हाताला लागला," म्हणत त्यांनी पट्टी बांधलेला उजवा तळवा दाखवला.

मी नवं पत्रक पुढे केलं.

"डाव्या हातानं घेतो हं, रागावू नकोस."