उसूनने गाळलेली पाच शेतं

उसून म्हातारी भारी बेरकी. बाराम नदीकाठच्या त्या लांबघरात, जिथे अख्खं गाव एकाच छपराखाली राहतं, तिच्याइतक्या झपाट्याने भात कांडणारी कुणी नव्हती, आणि तिच्याइतकं बेमालूम खोटं बोलणारीही. खोटं तसं एकच, पण ते तिने लग्नापासून जपून मुरवलेलं होतं.

तिथे वय शेतांनी मोजतात. दर साली जंगलाचा नवा तुकडा तोडायचा, जाळायचा, पेरायचा. तेव्हा आपल्या हाताने पेरलेली शेतं सांगितली की वय कळलंच. शेताचं नाव घ्यायचं, बोट दुमडायचं, सा, दुआ, तेलू असं एक, दोन, तीन करत जायचं. दहा झाली की एक पुलू, त्याची एक वेताची काडी चटईवर.

उसून आईबापांबरोबर नदीच्या वरच्या अंगाहून इथे आली, तेव्हा तिच्या गाठीशी तिकडची पाच शेतं होती. इथे लेन्चाऊ तिच्या मनात भरला, आणि नेमका पठ्ठ्या तिच्याहून लहान निघाला. मग काय, बाईने पाचही शेतं गाळली. पहिलं बी मी इथेच टाकलं, असं सगळ्यांना सांगून मोकळी झाली. लग्न झालं, नातवंडं झाली, खोटं पचलं. धाकटी म्हणून जड टोपलीही कायम लेन्चाऊच्याच पाठीवर.

फुकट मात्र पचलं नाही. लेन्चाऊची थोरली बहीण सुलाऊ उसूनला जन्मभर "पोरी" म्हणत आली. पोरी, पाणी आण. पोरी, तुला काय कळतंय. उसूनचे केस पांढरे झाले, पितळी कड्यांनी कान खांद्याला टेकले, तरी आपली पोरीच. उसून आतल्या आत जळफळायची, पण बोलायची सोय कुठे होती?

यंदा लांबघरातली सगळ्यात थोरली, पेलुहात नावाची म्हातारी गेली. सुगीच्या सणाला घरातली सगळ्यात थोरली बाई नव्या भाताचा पहिला घास खाते, भाताच्या दारूचा पहिला पेला ओतते, आणि त्या दिवशी ती सांगेल ते बाकीच्यांनी निमूट करायचं असतं. हा मान आता कुणाचा, म्हणून मुखिया न्गाऊने ओसरीवर चटई अंथरली.

सुलाऊची मोजणी ऐटीत झाली. सहा काड्या, वर चार बोटं.

"चल पोरी, तुझं उरक," ती म्हणाली. "भात निवतंय."

उसूनने मोजलं. बरोबर सहा काड्या, वर काहीच नाही. सुलाऊ लगेच घासासाठी सावरून बसली. उसूनने नवऱ्याकडे पाहिलं. समोर लेन्चाऊ तंबाखू वळत बसला होता. तरणी बायको मिळाली म्हणून गावभर मिरवलेला माणूस तो. आता सगळ्यांसमोर त्याचं हसं करायचं? आणि चिडून बोलणंच टाकलं तर या वयात जायचं कुठे? पण पुढच्या सुगीपर्यंत "पोरी" ऐकायचं, हेही तिच्याने होईना.

"थांबा," ती म्हणाली. "अजून आहेत. वरच्या गावची."

तिकडच्या ओढ्यांची नावं घेत तिने एकेक बोट दुमडलं. सा, दुआ, तेलू, पात, लेमा. अख्खी मूठ मिटली. मागे कुणीतरी खुसखुसलं.

सुलाऊ भडकली. म्हणे, तिकडचं एक माणूस जिवंत नाही, मग साक्ष कोण देणार?

"मी देतो," लेन्चाऊ म्हणाला. "चौथ्या शेतात काकड्या होत्या. लहानपणी बापाबरोबर मीठ घेऊन गेलो होतो तिकडे. काकडी चोरताना एका पोरीने असा कान पिळला, की माझा डावा अजून लांब आहे."

उसून बघतच राहिली. तो कान तिला चांगला आठवत होता. कुणाचा, ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"धाकटी म्हणून माझं चार गोष्टींत तरी ऐकायचीस. बोललो असतो तर तेही गेलं असतं."

ओसरी हसून लोटपोट झाली. न्गाऊने काड्या आणि बोटं पुन्हा पाहिली आणि घास उसूनच्या हातावर ठेवला. तिने तो सावकाश, डोळे मिटून चावला. मग पहिला पेला ओतून नणंदेकडे वळली.

"पोरी, जरा पाणी आण गं."

सुलाऊ पुटपुटत उठली. लेन्चाऊने तोवर डावा कान हाताने झाकून घेतला होता.