दापोऱ्याची सावड

“हा हात कोणी ओढला?”

मी विचारलं आणि खोलीतल्या सगळ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. खाटेवर सुमनबाई. उजवा खांदा सुजलेला, बोट लावलं तरी कळवळत होत्या. माझं डोकं तापलं होतं. क्लिनिकमध्ये मी या हाताला फुलासारखं जपलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या एका क्लिनिकमध्ये काम करते. सुमनबाईंच्या उजव्या अंगावरून लकवा गेला होता. सरकारी दवाखान्यात जीव वाचला, पुढचं काम आमच्याकडे आलं. लकव्यानंतर पहिले काही महिने सोन्याचे असतात. तेव्हा रोज व्यायाम झाला तर हात परत येतो, नाहीतर तो नुसता लोंबकळत राहतो.

सून रेखा त्यांना घेऊन यायची. थोडे दिवस आल्या आणि एकदम बंद. मी फोन लावला.

“मॅडम, फीस तर तुमी कमी केलीच ना. पन दापोऱ्याहून रिक्षा लागते. नी मी केळीच्या बागेत नाही गेली का माझी रोजी जाते. ते कोन कमी करनार?”

“अगं, पण त्यांचा हात?”

“टेन्शन नका घेऊ मॅडम. आमी सावड घातली हाय.”

सावड मला ठाऊक होती. आज तुझ्या शेतात मी निंदायला येते, उद्या माझ्या शेतात तू ये, मजुरीचा प्रश्नच नाही. पण व्यायामाची सावड मी जन्मात ऐकली नव्हती. मला धडकीच भरली.

मी सरांकडे गेले. सर म्हणजे क्लिनिकचे मालक.

“होम व्हिजिटची फी लावा,” ते म्हणाले.

“फी ऐकली तर दार उघडणार नाहीत, सर.”

त्यांनी चष्मा पुसला. “मग रविवारी जा. पेट्रोल क्लिनिकचं.”

अशी मी दापोऱ्याला पोचले, आणि पुढ्यात हा सुजलेला खांदा.

शेवटी शेजारच्या सरूबाई पुढे आल्या. “मी ओढला. थोडाच. मोकळा व्हावा म्हनून.”

मग एकेक उलगडलं. बाया पाळीपाळीनं येत होत्या. कोणी बागेत जाण्याआधी, कोणी दुपारी, कोणी दिवेलागणीला. रेखानं सगळ्यांना व्यायाम दाखवला होता. पण “आपल्या पाळीत कमी नको पडायला” म्हणून प्रत्येकीनं तो सगळाच्या सगळा करवला, वर पदरचं थोडं जास्त. त्या खांद्याला उसंतच नव्हती. प्रेमानं मारला म्हणायचा!

“एवढं करायला सांगितलं कोणी तुम्हाला?” मी अजून रागातच होते.

“सांगायला कशाला पायजे?” सरूबाईही तापल्या. “माझ्या पोरीच्या लगनात हिनं आख्ख्या मांडवाला मांडे घातले. एक रुपया नाही घेतला. गावात कोनाकडून घेतला, विचारा!”

पुरणाचा मांडा म्हणजे आमच्याकडची परीक्षाच. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर फिरवत फिरवत हातभर रुंद करायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायची. एका हाताचं ते काम नाही. जड जिभेनं सुमनबाईंनी विचारलं, “मांडा... जमंल?”

माझा राग तिथंच विरघळला. एसी गाडीतून पेशंटला आणून सोडणारे आणि बाहेर मोबाईल बघत बसणारे नातेवाईक मी रोज बघते. इथं अख्खी गल्ली एका हातासाठी राबत होती. मला त्या बायांचं फार कौतुक वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

पण चूक सुधारायला हवी होती. लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडतात आणि सगळ्या हाताचं वजन सांध्यावर येतं. ओढलं की सांधा खाली सरकतो. हे मी दोनदा सांगितलं. माना हलल्या, पण कळलं कोणालाच नव्हतं.

“सरूबाई, कच्चा मांडा कसा उचलता? टोक धरून ओढता?”

“फाटंल ना मॅडम! खालून दोन्ही हात घालायचे.”

“हा हात तसाच उचलायचा.”

“अय्यो!” सरूबाईंनी कपाळावर हात मारला. “मंग पैलेच सांगायचं ना!”

सूज उतरेपर्यंत हाताखाली उशी आणि पूर्ण आराम. मग मी कामं वाटून दिली. एकीकडे बोटं, एकीकडे खांदा, एकीकडे चालणं. दुसरीच्या कामाला हात लावायचा नाही. अधूनमधून मी चक्कर मारायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमंत्रण आलं. गेले तर चुलीवर खापर तापलेलं आणि पुढ्यात सुमनबाई. डावा हात भक्कम. उजव्यात मनगटापर्यंत जोर आलेला, बोटं अजून अर्धीच वळत होती. त्या हाताखाली रेखानं आपला हात घातला आणि मांडा तीन हातांवर फिरला. खापरावर पडताना एका कडेला फाटला.

“फाटला,” सुमनबाई हिरमुसल्या.

“फाटू दे. पुरन तर आतच हाय,” सरूबाई म्हणाल्या.

तो मांडा मी आमरसात बुडवून खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चुलीच्या धुराचं नव्हतं.

सावड म्हणजे इलाज नव्हे. दापोऱ्यात ती जमली, सगळीकडे जमत नाही, आणि रिक्षाच्या भाड्यापायी हात गमावलेली माणसंही मी पाहिली आहेत. म्हणून आता लकव्याचा पेशंट आला की पहिल्याच दिवशी विचारते, घरी मदतीला कोण कोण येणार? जेवढ्या असतील तेवढ्या सगळ्यांना एकदा घेऊन या, म्हणते. त्या खोलीभर बसल्या की आधी मांड्याचं विचारते, खांद्याचं नंतर.