विहीणबाई एकट्या येत नाहीत

आमच्या विहीणबाईंइतकी हट्टी बाई सबंध न्यूझीलंडात शोधून सापडायची नाही, आणि हे मी, पुण्यात जन्मलेली आणि वाढलेली बाई, पूर्ण जबाबदारीने सांगते आहे. हट्ट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. आमटीत गूळ किती घालायचा यावरून आमच्या दोन काकांचं बोलणं कायमचं बंद झालं होतं. पण विहीणबाईंपुढे आमचं सगळं घराणं पाणी भरेल. माझ्या सईने त्यांच्या मुलाशी लग्न केलं. ते माओरी, आम्ही पुणेकर. मी ऑकलंडात बॉटनी डाउन्सला फार्मसिस्ट, आणि त्या पेनरोजच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. विहीण म्हणजे काय हे सईने त्यांना लग्नाच्या आधी समजावून सांगितलं, आणि तो शब्द त्यांना इतका आवडला की तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. मॉलच्या सरकत्या जिन्यावरून त्या "विहीणबाई!" अशी आरोळी ठोकतात, तेव्हा खालच्या मजल्यावरचे गोरे लोकसुद्धा दचकून वर बघतात.

मुलीची आई म्हणून मला धसका होता तो मानपानाचा. ही बाई रुसली तर काय घ्या! म्हणून मी पुण्याहून चांगली मोरपंखी पैठणी मागवली. त्यांनी ती तिथल्या तिथे अंगाला गुंडाळली, खाली जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, तशाच, आणि अंगणात एक चक्कर मारून आल्या. संध्याकाळी बघते तर तीच पैठणी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या अंगावर! दुसऱ्या दिवशी भाचीच्या. माझा जीव तीळतीळ तुटला. मी सईला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, आवडली नाही का त्यांना?" सई म्हणाली, "आई, खूप आवडली, म्हणून तर फिरतेय ना!" आवडलेली वस्तू कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवायची असते हे त्यांना आजतागायत पटवून देता आलेलं नाही.

वस्तूंचं जे, तेच माणसांचं. विहीणबाई एकट्या म्हणून कधी कुठे येत नाहीत. मी चहाला बोलावलं की दारात व्हॅन उभी राहते, तिचा दरवाजा सरकतो आणि आतून म्हातारी माणसं उतरायला लागतात. कुणी काठी टेकत, कुणी वॉकर घेऊन, आणि प्रत्येकजण "किआ ओरा" म्हणून माझ्या नाकाला नाक लावणार. पहिल्या खेपेला मी चार कप काढून ठेवले होते. आता सरळ पातेलं चढवते. ती व्हॅन त्या स्वतः चालवतात. फोर्कलिफ्टची सवय, त्यामुळे पुढे जाण्यापेक्षा रिव्हर्स त्यांना जास्त प्रिय. आमच्या लेटरबॉक्सचा त्यांनी दोनदा बळी घेतला आहे. "तो चुकीच्या जागी आहे," हे त्यावर त्यांचं म्हणणं. शेवटी आमच्या ह्यांनी लेटरबॉक्स हलवला.

ही म्हातारी माणसं त्यांच्या वस्तीतली. आपल्या सुट्टीच्या दिवशी त्या ह्या सगळ्यांना घरोघरी जाऊन उचलतात आणि दवाखान्यात नेतात. नुसतं नेऊन सोडत नाहीत, डॉक्टरसमोर ठाण मांडून बसतात. माझ्या दुकानात औषधं न्यायला म्हणून त्या पूर्वीपासून यायच्या, तेव्हाच दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने माझ्याकडे त्यांची तक्रार केली होती. एका आजींबरोबर आत जाताना तिने त्यांना अडवलं. फक्त नातेवाइकाला परवानगी आहे, तुम्ही यांच्या कोण लागता? विहीणबाई म्हणाल्या, "तुला कोण हवंय? मुलगी हवी तर मुलगी, सून हवी तर सून." आणि गेल्या आत. डॉक्टरांनी भराभरा सांगून उठायची खूण केली, तर ह्या ढिम्म. "आजींना कळलं नाही. पुन्हा सांगा." डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. "हसून सांगा." डॉक्टर हसले म्हणतात. करतात काय बिचारे!

पण सुट्ट्या त्या किती, आणि म्हातारी माणसं किती! गेल्या हिवाळ्यात एका आजोबांची मधुमेहाची तपासणी राहून गेली, कारण त्या दिवशी विहीणबाईंना गोदामातून सुटता आलं नाही. पुढे आजोबांचा पाय कापावा लागला. त्यानंतर विहीणबाई माझ्या दुकानात आल्या, औषधं घेतली आणि मला हाकही न मारता गेल्या. मला ते बघवलं नाही. त्याच सुमारास सईला कळलं की एक संस्था फेलोशिप देते. माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत समाजासाठी झटणाऱ्या माणसांना वर्षभर पगार मिळतो, म्हणजे नोकरी बाजूला ठेवून पूर्णवेळ आपलं काम करता येतं. अगदी ह्यांच्यासाठीच काढल्यासारखी! सईने आणि मी मिळून अर्ज पाठवला, आणि मुलाखतीचं बोलावणंही आलं. सोबत फक्त एक माणूस आणावा, अशी सूचना होती.

विहीणबाईंनी अर्थातच सगळी व्हॅन आणली. ऑकलंडच्या भर वस्तीतली काचेची इमारत, आणि लिफ्टमध्ये तीन खेपांत आमची वरात चढली. दारावरच्या मुलीने सूचना दाखवली, तेव्हा विहीणबाईंनी माझं मनगट धरलं आणि जाहीर केलं, "ही माझी एक." बाकीच्यांना त्यांनी बाहेर बसवलं, पण दार लावू दिलं नाही, आपली पिशवी त्यात अडकवून ठेवली. मी लिफ्टमध्येच त्यांना बजावलं होतं, "आज कृपा करा. जे विचारतील त्याला 'मी केलं' म्हणा. एकदा 'मी' म्हटल्याने जीभ झिजत नाही."

आत मुलाखत घ्यायला तिघंजण होते, मधोमध मुख्य बाई. विहीणबाई उठून बोलल्या. त्यांच्या रिवाजाप्रमाणे आधी आपला डोंगर, मग नदी, मग आजे-पणजे, आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी, तेही उरकल्यासारखं. आता भाषण झालं की पाठीशी आलेल्यांनी उभं राहून गायचं ही त्यांची रीत. गाण्यावाचून भाषण म्हणजे तुपावाचून वरणभात. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. अहो, मी कसली गाते! शाळेत मला प्रार्थनेला नुसते ओठ हलवायला सांगायचे. पण विहिणीचा मान होता. उभ्या आयुष्यात मोठ्याने म्हटलेली एकच गोष्ट मला येत होती. मी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात मंगलाष्टक सुरू केलं. सईच्या लग्नात ही सगळी मंडळी हजर होती, त्यामुळे "सावधान" आलं की काय करायचं हे त्यांना चांगलं ठाऊक. दाराबाहेरून सगळ्या म्हाताऱ्यांनी एकमुखाने "सावधाऽन!" अशी गर्जना केली आणि हाताला लागतील त्या पेपरमिंटच्या गोळ्या आत भिरकावल्या. एक गोळी मुख्य बाईंच्या चष्म्यावर आपटली. त्या इतक्या हसल्या की मला वाटलं, झालं, जिंकलो!

मग त्यांनी डोळे पुसून विचारलं, "ह्या कामात तुमचं स्वतःचं असं काय आहे? तुम्ही एकटीने उभं केलेलं?"

विहीणबाई म्हणाल्या, "व्हॅन चर्चची आहे. डॉक्टरसमोर बसून राहायचं हे बाहेर वॉकर घेतलेल्या मावशी बसल्यात ना, त्यांनी शिकवलं. डबे माझी बहीण करते. औषधं ही माझी विहीण समजावते. मी गाडी चालवते."

"पण पुढाकार तुमचाच ना? नियमाप्रमाणे आम्हाला एका माणसाचं काम लिहावं लागतं. एक तरी गोष्ट सांगा." बाई अगदी काकुळतीला आल्या होत्या. मी हळूच विहीणबाईंना कोपर मारलं.

त्या ताठ बसल्या. "इथे खोटं बोलले, तरी उठून बाहेर त्या मावशींसमोरूनच मला जायचं आहे. तुमचा नियम एका माणसासाठी असेल, तर नियम बदला. मी माणसं बदलणार नाही."

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! आणि त्याच वेळी उठून टाळ्या वाजवाव्या असंही वाटलं.

निकाल सांगायला फोन आला तेव्हा आम्ही सगळे समुद्रावर फिश अँड चिप्स खात बसलो होतो. विहीणबाईंनी फोन स्पीकरवर टाकला, त्यांचं खाजगी असं काही नसतंच. फेलोशिप दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती. वैयक्तिक नेतृत्व स्पष्ट झालं नाही, असं त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. फोन बंद झाल्यावर वॉकरवाल्या मावशींनी तोंडातला घास संपवला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी परत जायचं. आणि आपण सगळे आत बसायचं. दार कोण अडवतंय बघू!" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लगेच गायला सुरुवात केली. विहीणबाईंचा आवाज त्यात सगळ्यात मोठा.

थोड्या वेळाने त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "उद्या सकाळी गोदाम. मंगळवारीही सुटता येणार नाही. दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, ते राहील." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विहीणबाई, एकदा 'मी' म्हटलं असतं तर ह्यांचं सगळं नीट झालं असतं. चुकलं का माझं?"

ह्या बाईने कधी कुणाला असं काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मुलाखतीच्या दिवसापासून त्यांना सुनवायचं म्हणून मी बरंच काही घोकून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर मला बोलवेना.

"अजिबात चुकलं नाही," मी म्हटलं. "आणि मंगळवारी माझी सुट्टी असते. मी नेते त्यांना. डॉक्टर हसेपर्यंत उठत नाही, मग तर झालं?"

"एवढी मोठी व्हॅन? तुम्ही एकट्या?"

"एकटी कशी? मागे हे सगळे असतीलच ना."

खिशातून व्हॅनची किल्ली काढून त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवली, वर आपला हात ठेवला, आणि बराच वेळ तो काढलाच नाही.