पेंढ्याचं पारडू

आमचं औषधांचं दुकान कोपरखैरण्यात होतं आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. दुकान नवऱ्याचं, पण फार्मसीची पदविका माझी. माझं सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरच्या मागे भिंतीवर लावलेलं असायचं, आणि कायद्याने त्या फ्रेमखाली मी स्वतः हजर असायला हवी होते. "तू नुसती बस, बाकी मी बघतो," असं नवरा म्हणायचा. बघायला आला होता तेव्हा त्याने मला पाहिलं की त्या सर्टिफिकेटला, हे मी त्याला पुष्कळदा विचारलंय. तो ते हसण्यावारी नेतो.

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत आमच्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं एकच इंजेक्शन मागायची. एक म्हणजे आसपासची प्रसूतिगृहं आणि दुसरे तुर्भ्याच्या बाजूचे तबेलेवाले, नाहीतर रस्त्यापलीकडच्या बोनकोडे गावातले म्हशीवाले. औषधाचं नाव ऑक्सिटोसिन. बाईला दिलं की कळा येतात, म्हशीला दिलं की ती दूध सोडते. त्याच्या अशा विक्रीवर पुढे बंधनं आली. तेव्हा कुणी फारसं विचारत नव्हतं आणि मीही त्या बारक्या कुप्या कागदात गुंडाळून देत होते.

मग माझेच दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मी माहेरी गेले तर फ्रेमखाली कोण बसणार? म्हणून माहेरच माझ्याकडे आलं. साताऱ्याकडून आई आली, डिंक, अळीव आणि सुकं खोबरं पिशव्या भरभरून घेऊन. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख उलटली तरी कळा सुरू होईनात, तेव्हा त्यांनी सलाईन लावलं. त्यात काय सोडलंय हे मला विचारावं लागलं नाही. ती कुपी बहुतेक आमच्याच दुकानातून गेलेली असणार. मुलगी झाली. सगळं व्यवस्थित पार पडलं.

तिला पुसून माझ्याजवळ ठेवलं तेव्हा मी वाट पाहिली. ऊर भरून येतो, सोसलेलं सगळं विसरायला होतं, असं प्रत्येक बाईने मला सांगितलं होतं. मला काही झालं नाही. मुलगी छान होती, नाकीडोळी नीटस. ओळखीतल्या कुणाचं तरी मूल पाहावं तसं मी तिला पाहिलं आणि आईला म्हटलं, हिला टोपी घाल.

थकव्यामुळे असेल, असं मी धरून चालले. बारसं झालं, सव्वा महिना झाला, थकवा गेला. बाकी काही आलं नाही. दूध मला भरपूर होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आपल्याकडे बाळंतिणीची सगळी परीक्षा दुधावर होते आणि त्यात मी पहिल्या नंबराने पास झाले होते. पाजणं, ढेकर काढणं, तेल लावणं, सगळं मी औषधाच्या डोससारखं वेळच्या वेळी करत होते. शेजारच्या काकू म्हणायच्या, "काय शांत आई आहे बाई! पहिलंच मूल, पण जरासुद्धा घाबरत नाही." घाबरायला आधी काहीतरी वाटावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुःख होतं असंही नाही. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर आपल्याच गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा वाटतो. मुलीला हात लावताना मला तसं व्हायचं. एकच गोष्ट मात्र टोचत राहायची. हे असंच राहिलं तर? ही मोठी होईल, शाळेत जाईल, आणि कधीतरी तिला कळेल की आपल्या आईला आपल्याबद्दल काही वाटत नाही. मुलांना असलं बरोबर कळतं. मी याबद्दल कुणाशी बोलले नाही. नवऱ्याशी तर नाहीच. त्याने मला टॉनिक दिलं असतं.

मी पुन्हा फ्रेमखाली बसायला लागले. पाजायची वेळ झाली की आई मुलीला घेऊन खाली यायची. त्याच सुमारास कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत मी वाचलं की ऑक्सिटोसिन नुसतं कळा आणि दूध आणत नाही. ते शरीरात आपोआप तयार होतं आणि आईला लेकराचा लळा लागतो त्यातही त्याचा हात असतो. मी तो कागद घडी करून बाजूला ठेवला आणि दिवसभर विचार केला. मला ते बाहेरून दिलं होतं. बाहेरून माल आला म्हणून आतला कारखाना बंद पडला, असा मी निष्कर्ष काढला. हे काही शास्त्र नव्हतं, निव्वळ दुकानदारी होती. पण मला कुणाला तरी दोष द्यायचा होता आणि ती कुपी हाताशी होती.

दुसऱ्या दिवशी बोनकोड्याचा एक म्हशीवाला नेहमीसारखा आला. मी म्हटलं, "मिळणार नाही."

"संपला काय ष्टॉक?"

"स्टॉक आहे. देणार नाही."

"मंग म्हस दूध कशी देल, म्याडम? पारडू मेलंय तिचं. सडाला हात लावून देत नाय."

"पारडू मेलंय तर नाही देणार. तिला चार दिवस दुःख करू दे की."

नवरा मागच्या कपाटापाशी होता, तो पुढे आला. "अगं, गिऱ्हाईक आहे आपलं. म्हशीचं टेन्शन तुला कशाला?"

"सर्टिफिकेट माझं आहे," मी म्हटलं. म्हशीवाला आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत निघून गेला.

काही दिवसांनी तोच खोकल्याचं औषध न्यायला आला, तर चेहऱ्यावर हसू. "तुमची सुई नको आता, म्याडम. आमच्या म्हातारीनं जुनी युक्ती काढली. येवा बगाला."

दुपारी दुकान बंद केल्यावर मी मुलीला खांद्यावर टाकलं आणि निघाले. "या उन्हात पोरीला घेऊन कुठं चाललीस?" आई वरून ओरडली. मी आलेच म्हटलं. रस्ता ओलांडला की गाव. गल्लीच्या टोकाला त्याचं घर होतं आणि घराला लागून पत्र्याचा गोठा. गोठ्यात ती म्हैस, आणि तिच्या तोंडापुढे तिचं मेलेलं पारडू उभं. म्हणजे पारड्याचं नुसतं कातडं. म्हातारीने ते वाळवून त्यात पेंढा भरला होता, पोट सुतळीने शिवलं होतं आणि खाली पायांच्या जागी चार काठ्या खोचल्या होत्या. डोळ्यांच्या जागी काहीच नव्हतं.

म्हशीने ते हुंगलं. मग चाटायला लागली. मानेपासून पाठीपर्यंत, पुन्हा मानेपासून, अगदी सावकाश. म्हशीवाला खाली बसला आणि बादलीत धारांचा आवाज यायला लागला.

"बग, सोडला पान्हा," म्हातारी म्हणाली.

मला त्या म्हशीचा राग आला. कितीतरी दिवसांत मला काही वाटलं असेल तर ते हेच. तिला पोर नव्हतं तरी तिला सगळं जमत होतं. माझं पोर जिवंत, माझ्या खांद्यावर, आणि मी आतून कोरडी.

"दे गो पोरीला इकडं, बगू," म्हणत म्हातारीने मुलीला माझ्याकडून घेतलं. मुलीने असा टाहो फोडला की म्हैससुद्धा थांबली. म्हातारीने हलवलं, जोजवलं, जिभेने टकटक केलं. मुलगी लाल होऊन ताठ झाली. शेवटी म्हातारीने हात टेकले. "घे बाय, तुजी तू घे. तिला आयशीचा वास पायजे."

मी तिला घेतलं. तिने माझ्या मानेत नाक खुपसलं, दोनदा जोरात हुंगलं आणि एकदम गप्प झाली. सगळं अंग सैल सोडलं. म्हैस पुन्हा चाटायला लागली होती. मी त्या पेंढ्याकडे बघत राहिले. इतके दिवस मी स्वतःला म्हशीच्या जागी धरून हिशोब मांडत होते. चुकत होते. काठ्यांवर उभं केलेलं ते पारडू मी होते, आणि माझी मुलगी मला हुंगून खूश होती. तिला फसवल्यासारखं वाटलं मला. तिला कसलीच तक्रार नव्हती, याची लाज वाटली.

घरी आले तर आई लंगोटांच्या घड्या घालत बसली होती. मी मुलीला घेऊन तिच्यासमोर बसले आणि मनात काही न जुळवता बोलून गेले. "आई, मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाही."

आईने हातातली घडी पुरी केली. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासनं. तुझा चेहरा काय मी आज बघतेय?"

बाबा तिला न्यायला दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा तिने त्यांना एकट्याला परत पाठवलं होतं. तिचा नातीत जीव अडकलाय, असं ते हसत हसत शेजाऱ्यांना सांगून गेले होते. मलाही तसंच वाटत होतं. मी म्हटलं, "मग बाबांना नातीचं निमित्त कशाला सांगितलंस?"

"दुसरं काय सांगू? पोरीचं काय, तिला तू आहेस की. मी तुझ्यासाठी थांबलेय."

हे ऐकून मला काहीतरी व्हायला हवं होतं. निदान रडू यायला हवं होतं. तेही आलं नाही. मी मुलीला घेऊन तिथेच लादीवर आडवी झाले, डोकं आईच्या मांडीवर टेकलं आणि मला झोप लागली. आईने मला उठवलं नाही. जाग आली तेव्हा दुकान उघडायची वेळ टळून गेली होती आणि खालून नवरा हाका मारत होता. मुलगी माझ्या डोक्याला लागून झोपली होती. माझे केस तिने मुठीत गच्च धरले होते आणि मी मान हलवली की ते ओढले जात होते. दुखत होतं. मी ते सोडवले नाहीत.