चिमणी चिडली!

पडदे शिवणाऱ्या मावशीला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. चांगल्या घरच्या मुली चिखलात एकमेकींवर का तुटून पडतात, हे कोडं तिला आजही सुटलेलं नाही. पण मागे भाचीच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा मैदानावर कुणालाच काही सुचेना. जो तो पाणी पाजत सुटला. मावशीचं डोकं फिरलं आणि ती सरळ प्रथमोपचाराच्या वर्गात जाऊन बसली. तेव्हापासून शिलाई मशीनशेजारी पट्ट्यांची पेटी आली, आणि मुलींच्या प्रत्येक सामन्याला मावशी रेषेवर हजर.

या भाचीला घरात चिमणी म्हणतात. चिमणी कसली! दारात उभी राहिली तर आत वारा यायचा नाही.

मावशीचा कायदा एकच. डोक्याला मार लागल्याची शंका आली की मुलगी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. शंका आली की ती विचारायची, समोर कोणता संघ आहे? शेवटचे गुण कुणी मिळवले? पोरी पक्क्या बेरकी! एकमेकींना उत्तरं पढवून ठेवायच्या.

अंतिम सामन्यात चिमणीचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं. "उठवू नका तिला!" मावशी ओरडतच धावली. मान सांभाळली, हातपाय हलवून घेतले, सगळं ठीक वाटल्यावर प्रश्न विचारले. चिमणीनं धडाधड उत्तरं दिली, एकही चुकलं नाही. फक्त ती सगळी गेल्या आठवड्यातल्या सामन्याची होती.

"बाहेर," मावशी म्हणाली.

चिमणीचे बाबाच संघाचे प्रशिक्षक. ते काकुळतीला आले. "अगं, थोडाच वेळ उरलाय, खेळू दे ना!"

"भावजी, पोरीपेक्षा कप मोठा झाला का?"

"मावशी, जन्मात बोलणार नाही मी तुझ्याशी!" चिमणी कडाडली.

लेकीसारखी वाढवलेली पोर, खरंच तुटली तर? तरी मावशीनं दंड धरला आणि तिला बाहेर आणलं.

तिच्याशिवायही मुली जिंकल्या. दवाखान्याकडे जाताना गाडीत चिमणीनं विचारलं, "मावशी, जिंकलो का गं?"

"जिंकलो!"

चिमणीनं आनंदानं किंचाळून मिठी मारली. "मग मी मैदानात का नव्हते?"

"मी काढलं तुला बाहेर."

"तू? बोलूच नकोस माझ्याशी!"

जरा वेळानं पुन्हा, "मावशी, जिंकलो का गं?" पुन्हा किंकाळी, पुन्हा मिठी, पुन्हा भांडण. भावजींना हसू आवरेना. मावशीही हसत होती, पण बोटांवर प्रश्न मोजत होती. तेच तेच विचारणं चांगलं नाही, हे तिला वर्गात शिकवलं होतं.

डॉक्टरांनी डोक्याची तपासणी केली. मेंदूला हिसका बसलाय, रक्तस्राव नाही, पूर्ण विश्रांती द्या, म्हणाले. मावशी रात्री तिच्याच खोलीत झोपली. झोपली म्हणजे नुसती पडून राहिली.

सकाळी तिनं भीत भीत विचारलं, "चिमणे, बरं वाटतंय का?"

चिमणी भिंतीकडे वळली. "तुझ्याशी अबोला आहे. काल फायनलमधून काढलंस ना मला? सगळ्यांसमोर, दंड धरून! सगळं आठवतंय मला."

"सगळं?"

"सगळं! आणि कप जिंकल्याचंही."

मावशी अनवाणीच बाहेर धावली. "भावजी! ताई! अहो, उठा! चिडली! चिमणी माझ्यावर चिडली!"