उत्तरेकडून आलेली हाळी

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खोटं कशाला बोलू, वाचताना हसतेसुद्धा. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, बंद घरातला पाळणा… असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी जनावरांची डॉक्टर आहे. आमच्या भागात शेळी मेली की लोक म्हणतात नजर लागली. त्याच शेळीचं पोट फाडून मी लोकांसमोर प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर काढल्यात — एकदा तर अख्खी नायलॉनची दोरी निघाली. अशा बाईनं हे लिहायला बसावं हे माझं मलाच पटत नाहीये. पण लिहिल्याशिवाय चैनही पडत नाही.

आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटपासून थोडं आत. आम्ही धनगर, त्यामुळं गावात नाही, बाहेर माळावर वस्ती. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, शेजारी मेंढरं कोंडायची जाळी. घरात मी आणि माझे वडील — आबा. मला भाऊबहीण नाही. आई तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली.

आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेंढरं राखणाऱ्या प्रत्येकाची हाळी वेगळी असते. माळावर दोन कळप एकमेकांत घुसले तर काठ्या घेऊन धावायची गरज नसते. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून आपापली हाळी द्यायची, मेंढरं बरोबर आपल्या माणसाकडं निघून येतात. आईची हाळी तर कुणालाच जमायची नाही. लहानपणी एडक्यानं ढुशी मारून तिचा पुढचा दात पाडला होता. "हीऽऽर्र… हीऽऽर्र… येऽऽ" असं म्हणून झालं की त्या फटीतून शेवटी एक बारीक शीळ निघायची, तिच्याही नकळत. मी आरशासमोर उभी राहून किती नक्कल केली, नुसती थुंकी उडायची. ती गेल्यावर आबांनी एकदा करून बघितली होती. एकाही मेंढीनं मान वर केली नाही. आबा गुपचूप काठी घेऊन त्यांच्यामागं गेले, आणि पुन्हा कधी तो प्रयत्न केला नाही.

आता मूळ विषय. परभणीला शिक्षण झाल्यावर मी केजला एका दवाखान्यात काम करत होते. पीएचडीसाठी सहज म्हणून एक अर्ज टाकला — नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला एक शहर आहे, तिथल्या विद्यापीठात. विषय होता रेनडिअरच्या पोटातले जंत. रेनडिअर म्हणजे बर्फातलं हरणासारखं जनावर. आपल्याकडं मेंढरं पाळतात तसे तिकडचे लोक त्यांचे कळप पाळतात. मुलाखत झाली, आणि चक्क निवड झाली!

आबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जंतच बगायचेत तर येवढ्या लांब कावून जायचं? आपल्या बांडीच्या पोटात काय कमी हायत?"

बांडी म्हणजे आमची सगळ्यात म्हातारी मेंढी, आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली.

आबांची ही अशी थट्टा. पण 'जाऊ नको' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते काम आत्यानं केलं. आत्याची वस्ती आमच्या शेजारीच. ती सरळ येऊन म्हणाली, "बाप येकटा टाकून बरफात जातीस व्हय गं? त्याला काय झालं तर कुणाला हाक मारंल त्यो?"

मी तिच्याशी भांडले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. जावं की न जावं, दिवसातून दहा वेळा ठरवायचं आणि दहा वेळा मोडायचं. शेवटी निकाल लागला तो एका भाकरीनं. त्या दिवशी मी केजहून लवकर घरी आले, तर आबा चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. उभ्या जन्मात त्यांनी भाकरी थापली नव्हती. एका बाजूला जाड, दुसरीकडं भोक, कडेला जळालेली. मला बघून त्यांनी ती झटकन परातीखाली झाकली आणि म्हणाले, "कुत्र्याला टाकाया केलती."

मी गेल्यावर एकटं कसं राहायचं, याची माणूस चोरून तालीम करत होता. मला इतकं भरून आलं की मी तशीच बाहेर गेले. नाही जायचं, ठरलं.

रविवारी दुपारी मी तिकडच्या मॅडमना, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मला काम करायचं होतं त्यांना, व्हिडिओ कॉल लावला. नकार द्यायचा तर तोंडावर द्यावा, असं आबांनीच शिकवलंय. वस्तीवर रेंज येत नाही, म्हणून माळावरच्या खडकावर जाऊन बसले. वारं होतं, त्यामुळं इअरफोन कानात घातले होते. मेंढरं खाली ओढ्याकडेच्या बाभळींखाली बसलेली. आबा तिथंच एका बुंध्याला टेकून होते. त्यांना मी काय करणार ते सांगितलं नव्हतं.

मॅडम स्क्रीनवर आल्या. चांगल्या हसऱ्या बाई. मागं पुस्तकांचं कपाट, टेबलावर कप. मी इंग्रजीत सुरुवात केली — मला माफ करा, घरच्या अडचणीमुळं मला यायला…

"हीऽऽर्र…"

माझं वाक्य तिथंच तुटलं.

"हीऽऽर्र… येऽऽ…" आणि शेवटी ती शीळ.

माझ्या कानात. फोनमधून. मी मॅडमच्या तोंडाकडं बघत होते, त्यांचे ओठ मिटलेले होते. त्या शांतपणे माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या. मला भीती वाटली का? नाही, अजिबात नाही. शाळेतून येताना लांबूनच ती हाळी ऐकू आली की दप्तर पाठीवर उडवत पळायचे मी, अगदी तसं झालं. पायांना पळायचं होतं, फक्त कुठं ते कळत नव्हतं.

खाली बघितलं तर बांडी उठून उभी राहिली होती. मग दुसरी, तिसरी. भर दुपारी सावलीला बसलेली मेंढरं अशी उठत नाहीत हो, त्यांना उठवता उठवता नाकी नऊ येतात. ती उठली आणि चढण चढून सरळ माझ्याकडं यायला लागली. आली ती सगळी जुनी मेंढरं, आईच्या हाताखालची. तिच्यानंतर जन्मलेली तिथंच रवंथ करत बसून राहिली. मेंढरं आली, माझ्याभोवती उभी राहिली आणि फोनकडं तोंड करून ओरडायला लागली. बांडीनं तर स्क्रीनला नाक लावलं.

त्यांच्यामागून आबा आले. धापा टाकत, पटका हातात. त्यांनी एवढंच विचारलं, "ऐकलंस?"

मी मान हलवली. मॅडमना 'मी नंतर लिहिते' असं कसंबसं सांगून फोन बंद केला. आणि कानातले इअरफोन काढायला गेले, तेव्हा माझ्या लक्षात आलं… आवाज माझ्या कानात होता. तो बाहेर जायला वाटच नव्हती. मग आबांनी काय ऐकलं? मेंढरांनी काय ऐकलं?

माझ्यातली डॉक्टर गप्प बसली नाही. इअरफोनची पिन सैल असेल म्हणून तपासली, घट्ट होती. सैल असती तरी फोनचा आवाज ओढ्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच खडकावरून फोनवर जोरात भजन लावून आबांना खाली उभं केलं, त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मनाचे खेळ म्हणावेत, तर मेंढरांना कसलं आलंय मन मोठं! मॅडमना विचारलं, की तुमच्या खोलीत दुसरं कुणी होतं का? त्यांनी कळवलं, त्या एकट्याच होत्या, दार बंद होतं, त्यांना कसलाही आवाज आला नाही. तुझ्याभोवती जमलेल्या मेंढ्या मात्र छान दिसल्या, असंही लिहिलं होतं.

आबांना कसलीच तपासणी नको होती. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. "तुजी आय पुढं जाऊन बसलीय तिथं," ते म्हणाले. "आता तू न्हाई म्हणून कसं चालंल?" आत्याला कळलं तेव्हा तिनं डोळ्याला पदर लावला, आणि आबांच्या दोन वेळच्या भाकरीचं मी बघते म्हणाली.

मी होकार कळवला. पण आबांचं काय, हा घोर काही सुटला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी ते शेडमध्ये मेंढीची लोकर कातरत होते आणि मी मेंढीचे पाय धरून बसले होते. मी विचारलं, "आबा, तुमाला त्या दिवशी भ्या न्हाई वाटलं?"

"भ्या कशाचं? मला तर रोजच यायची की."

"काय?"

"हाळी. तुजी आय गेल्यापासनं. दिस मावळायला जाळीपशी हुबा ऱ्हायलो की यायची. मेंढरं काय हालायची न्हाईत, मला येकट्यालाच यायची."

"आन मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू डाक्टर. बाप बिगडला म्हणून गोळ्या चालू केल्या असत्या."

मी हसले. मग विचारलं, "आजूक येती?"

कातर थांबली. आबा माझ्याकडं न बघता मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"आता न्हाई येत. त्या दुपारपासनं न्हाई आली. मीच तिला म्हणलतो, पोरगी माज्यापायी आडून बसलीय, तू तिच्यासंगं जा. मी बगतो माजं."

तीन वर्षं त्यांच्याजवळ जे एवढंसं उरलं होतं, तेही त्यांनी मला देऊन टाकलं होतं. मी त्या मेंढीच्या पाठीत तोंड खुपसून रडले. आबा म्हणाले, "आगं पाय धर नीट, कातर लागंल तिला."

आता मी त्या उत्तरेच्या शहरात आहे. दर रविवारी आबा खडकावर चढून मला फोन लावतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला — आली का हाळी? इथं आल्यापासून मला एकदाही काही ऐकू आलेलं नाही. 'हो' म्हणून टाकावं असं फार वाटायचं, पण आबांपुढं खोटं टिकत नाही. मी 'न्हाई' म्हटलं की ते समजूत घालतात, "तुजी जनावरं डोंगरावर चराया गेलीत ना, त्यांच्यामागं गेली असंल. दिस मावळला की यील."

परवा मात्र मला सांगावंच लागलं. "आबा, इथं सध्या दिस मावळतच न्हाई. जुलै सरंपर्यंत रातच्याला बी ऊन असतंय."

त्यांचा आवाज एकदम काळजीचा झाला, "दिसच मावळंना तर ती बसायची कवा गं माय? दमून जाईल की. तिला सांग माज्या नावानं, म्हणावं बस जरा."

फोन ठेवून मी बाहेर आले. समोर डोंगर, त्यावर लख्ख ऊन. कुत्र्याला फिरवायला निघालेली एक बाई सोडली तर रस्त्यावर कुणी नव्हतं. यात काय खरं, काय भास, ते मला आजही सांगता येत नाही आणि आता मी शोधतही नाही. मी त्या डोंगराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, आबांनी सांगितलंय… बस जरा."