भावजींच्या फासक्या

माझ्या कुत्र्याचा पुढचा डावा पाय माझ्या चुलत दिराने घेतला. मी असंच म्हणते. गावातले म्हणतात, फासकीत गेला. फासकी काय आपोआप उगवते?

बोर्ली पंचतनच्या अलीकडे आमचं गाव. नवरा मुंबईला नोकरीला, एकटीचा स्वयंपाक तो किती, म्हणून सकाळचं आटपलं की मी आणि कुत्रा डोंगराच्या पायवाटेने वर माळापर्यंत जातो. भातकापणीच्या आधी एकदा तो करवंदीच्या जाळीत शिरला आणि किंचाळला. डुकरासाठी फासकी म्हणून लावलेली मोटारसायकलच्या ब्रेकची वायर पायात हाडापर्यंत रुतली होती. कशीबशी सोडवली, पदर फाडून बांधला, त्याला उचलून खाली आणलं आणि रिक्षाने माणगावला नेलं. जनावरांच्या डॉक्टरने पाय काढून टाकला.

चुलत दीर समोरच राहतो. बोर्लीला मोटारसायकली दुरुस्त करतो, त्यामुळे जुन्या वायरींना तोटा नाही. डुक्कर कोण मारतं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी हा कुत्र्याला बघायला आला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "वैनी, रानात कुत्रा न्यायाचाच कशाला?"

तेव्हाच मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

कुत्रा तीन पायांवर चालायला लागला तशी त्याला पुन्हा रानात न्यायला लागले. आता वायर असली की तो लांबूनच थांबायचा, गुरगुरायचा, पुढे पाऊल टाकायचा नाही. मी फासकी उपटायची आणि घरी आणायची. पुष्कळ जमल्या तशा एकीला एक जोडून अंगणात कपडे वाळत घालायला बांधल्या, बरोबर त्याच्या ओट्यासमोर. सकाळी दात घासताना तो आपल्याच वायरींवर माझी लुगडी वाळताना बघायचा. 'वायरी माझ्या आहेत' म्हणायची त्याला सोय नव्हती, म्हटलं की फॉरेस्टवाले दारात. मला मात्र कपडे धुवायचा एवढा उत्साह आयुष्यात कधी आला नव्हता.

शिमग्याच्या सुमारास त्याची कुत्री रानात गेली ती रात्रभर आली नाही. सकाळी तो आणि त्याची बायको माझ्या अंगणात उभे.

"वैनी, तुमचा कुत्रा घेऊन जरा वर येता? त्याला वायर कलते."

"कुणाची वायर, भावजी?"

"आसंल कुनाची तरी."

"मग त्यालाच घेऊन जा," म्हणून मी आत वळले.

"माझी हाय," तो मागून म्हणाला. "समद्या माझ्याच हायत."

"आणि याचा पाय?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. "त्यो बी माझ्याच वायरीत गेला."

शेजारणी दारात आल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं याची खात्री झाल्यावर मी चप्पल घातली.

ओहोळाच्या वरच्या अंगाला माझ्या कुत्र्याने त्या कुत्रीला शोधलं. वायर पोटाला आवळलेली, पण जीव होता. पक्कडीने वायर तोडताना दिराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मदत केली नाही. उभी राहून बघत होते, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. कुत्रीला त्याच्या बायकोबरोबर खाली धाडलं आणि त्याला म्हटलं, "आता बाकीच्या दाखवा." दुपारपर्यंत तो एकेक फासकी उपटत पुढे, आम्ही दोघं मागे.

गावाला वाटतं, आमचं मिटलं. त्याची बायको आता कालवणही पाठवते. कुत्री चारही पायांवर धडधाकट झाली आणि रोज सकाळी आमच्याबरोबर रानात यायला लागली. तो ओट्यावरून हाका मारतो, ती ढुंकून बघत नाही. मीही तिला कधी माघारी हाकललं नाही.

परवा तो म्हणाला, "वैनी, हिला आता घरीच बांधून ठेवतो."

"ठेवा की, भावजी," मी म्हटलं. "वायर लागली तर माझ्याकडून न्या."

कुत्रा, कुत्री आणि मी, आम्ही तिघं वर निघालो.